पाळण्यात दिसलेले पाय

“आमची मुलगी गिफ्टेड आहे का, हे नक्की कसं ओळखायचं? बुद्ध्यांकाची चाचणी कितव्या वर्षी करून घ्यावी?”

पालकांशी गप्पा सुरू झाल्या की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं, तितकीच धास्तीही असते. मूल चौथ्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचतं, एकदा ऐकलेली गोष्ट शब्दन्‌शब्द सांगतं. आपण वेळीच काही केलं नाही तर ही बुद्धी वाया जाईल का? या काळजीत खोट काहीच नाही.

एका ओळखीच्या घरी गेले होते, तिथली गोष्ट सांगते. चौथीतली मुलगी. आई म्हणाली, “मावशींना दाखव ना तुझं गणित. फार हुशार आहे हो, घाला एखादं कोडं.” समोर बुद्धिबळाचा पट होता. मी विचारलं, “या पटावर चौरस किती?” क्षणात उत्तर आलं, “चौसष्ट!” मी म्हटलं, “अजून आहेत. नीट बघ.” त्यावर त्या मुलीनं पटाकडे बघितलंच नाही. आधी आईकडे बघितलं. मग म्हणाली, “हे आम्हाला अजून शिकवलं नाहीये,” आणि पाणी प्यायला आत गेली. ती परत आली नाही.

त्या नजरेनं मला बराच काळ छळलं. कोड्यापेक्षा काहीतरी मोठं आपण पणाला लावलंय, असं त्या नऊ वर्षांच्या पोरीला वाटलं होतं. असं का व्हावं?

१. आकडा आला कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये शाळा सक्तीच्या झाल्या होत्या आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचं काय करायचं हा सरकारपुढचा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या कृतींची आणि प्रश्नांची एक मालिका तयार केली. कोणत्या मुलाला जादा मदत हवी, हे शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता ठरवता यावं, हा तिचा हेतू. म्हणजे बुद्धी मोजायचं हे साधन जन्माला आलं ते अडखळणाऱ्या मुलांसाठी.

बुद्ध्यांक हा शब्द नंतरचा. १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्ननं सुचवलं की मुलाचं ‘मानसिक वय’ त्याच्या खऱ्या वयानं भागावं. पुढे या भागाकाराला शंभरानं गुणायची पद्धत पडली. समजा, आठ वर्षांचं मूल दहा वर्षांच्या सर्वसाधारण मुलाइतके प्रश्न सोडवतं. दहा भागिले आठ गुणिले शंभर, म्हणजे १२५. आज हा भागाकार करत नाहीत. आता त्याच वयाच्या इतर मुलांच्या रांगेत हे मूल कुठे उभं आहे ते पाहतात. रांगेच्या मध्याला १०० म्हणायचं. साधारण दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात आणि १३० च्या वर शंभरात जेमतेम दोन.

आपल्याकडेही हे साधन लवकर आलं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडच्या मुलांवर काम करून बिनेच्या चाचणीची मराठी आणि कानडी रूपं तयार केली. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही ठाऊक असतं.

बिनेला स्वतःला एका गोष्टीची भीती वाटत होती. मुलाची बुद्धी म्हणजे एकदाच ठरलेली, न वाढणारी रक्कम आहे असं मानणाऱ्यांना त्यानं १९०९ साली कडाडून विरोध केला. १९११ मध्ये तो गेला. त्यानंतर त्याच्या चाचणीचं जे झालं ते बघायला तो नव्हता.

२. काठावरची दोन मुलं

घरातल्या वजनकाट्यावर तुम्ही सकाळी उभे राहिलात आणि जरा वेळानं पुन्हा राहिलात, तर काटा थोडा हलतो. आपण त्याचं फार मनावर घेत नाही. बुद्धीच्या चाचणीचा काटाही असाच हलतो. मूल रात्री नीट झोपलं होतं का, परीक्षक अनोळखी वाटला का, एखादा प्रश्न आधी पाहिलेल्या कोड्यासारखा निघाला का, या सगळ्यानं आकडा वरखाली होतो. चांगल्या चाचणीतही चार-पाच गुणांचा फरक सहज पडतो, कधी त्याच्या दुप्पटही. म्हणून १३१ या आकड्याचा अर्थ, ‘बहुधा १२२ ते १४० च्या दरम्यान कुठेतरी’ एवढाच. जाणकार मानसशास्त्रज्ञ अहवालात असा पट्टाच देतात. घरी येईपर्यंत पट्टा गळून पडतो आणि आकडा उरतो.

आता एका विशेष वर्गाला १३० ची अट आहे असं धरा. एका मुलाला १३१ मिळाले, दुसऱ्याला १२९. या दोघांत खरा फरक आहे असं चाचणी म्हणतच नाही. पण एक घरी पेढे घेऊन जातो आणि दुसऱ्याच्या घरात संध्याकाळी कुणी फारसं बोलत नाही. प्रवेशाच्या जागा मोजक्या असतात, कुठेतरी रेघ मारावीच लागते, हे मला मान्य आहे. मात्र ती रेघ जागांसाठी मारलेली असते. मुलं तिला आपल्या अंगावर मारलेली समजतात.

शाळेतली हुशारी तर याहून मजेशीर कारणांनी ठरते. प्रवेशासाठी वयाची जी तारीख धरतात, तिच्या एका बाजूला जन्मलेलं मूल पहिलीत वर्गातलं सर्वात मोठं असतं आणि दुसऱ्या बाजूचं सर्वात लहान. दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. मोठ्या माणसांत वर्षाचा फरक कुणी विचारतही नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा असतं. मोठं मूल पेन्सिल जास्त नीट धरतं, जास्त वेळ एका जागी बसतं, बाईंना पटकन उत्तर देतं. बाई त्याला ‘हुशार’ म्हणतात. वर्गातली वयानं मोठी मुलं विशेष कार्यक्रमांसाठी जास्त निवडली जातात, असं अनेक देशांत दिसलं आहे. आपण ज्याला बुद्धी म्हणालो त्यातला एक वाटा निव्वळ दहा-अकरा महिन्यांचा होता.

३. कॅलिफोर्नियातली दीड हजार मुलं

बिनेची चाचणी अमेरिकेत रुजवली ती स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मननं, १९१६ साली. बिनेनं जी गोष्ट नाकारली होती, तीच टर्मन मनापासून मानत होता: बुद्धी रक्तातून येते आणि लहानपणीच मोजता येते. उद्याचे नेते, शास्त्रज्ञ, कलावंत आजच शोधून काढू, अशा विश्वासानं त्यानं १९२१ पासून कॅलिफोर्नियात मुलं निवडायला घेतली. शिक्षकांनी नावं सुचवायची, मग चाचणी घ्यायची. साधारण १३५ ते १४० च्या वर बुद्ध्यांक असलेली १,५२८ मुलं त्यानं जमवली. बहुतेक गोरी, शहरातली, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी घरांतली. या मुलांचा माग त्यानं मरेपर्यंत ठेवला आणि त्याच्यानंतर इतरांनी ठेवला. माणसांच्या आयुष्यांचा इतका लांबवर घेतलेला मागोवा विरळाच.

मुलांचं पुढे चांगलं झालं. पुष्कळ जण पदवीधर झाले. काही नामवंत प्राध्यापक झाले. आहारशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज त्यांच्यातलेच. पण नोबेल एकालाही मिळालं नाही. ज्या दोन मुलांची चाचणी झाली आणि आकडा कमी पडला म्हणून ज्यांना वगळलं, त्या दोघांना मात्र मिळालं: ट्रान्झिस्टरवरच्या कामासाठी विल्यम शॉक्लीला १९५६ मध्ये आणि कणभौतिकीसाठी लुईस अल्व्हारेझला १९६८ मध्ये.

हा किस्सा सांगून लोक थांबतात. मला तो फार महत्त्वाचा वाटत नाही. दीड हजारांत एक नोबेल नसणं ही नवलाची गोष्ट नाही, नोबेल फारच थोड्यांना मिळतं. टर्मनच्या कामातून निघालेल्या दुसऱ्या दोन गोष्टी जास्त बोलक्या आहेत.

पहिली त्यानं स्वतःच शोधली. त्यानं आपल्या गटातले सर्वात यशस्वी १५० पुरुष आणि सर्वात कमी यशस्वी १५० पुरुष शेजारी ठेवून पाहिले. लहानपणीच्या बुद्ध्यांकात त्यांचं अंतर किरकोळ होतं. अंतर होतं ते चिकाटीत, आत्मविश्वासात, ध्येय धरून ठेवण्यात आणि घरच्या परिस्थितीत. आकड्यावर आयुष्य बेतलेल्या टर्मनला १९४७ च्या पुस्तकात हे मान्य करावं लागलं.

दुसरी गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळानं पुढे आली. ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. कॅरोल होलाहान आणि चार्ल्स होलाहान या संशोधकांनी १९९९ मध्ये एक साधा प्रश्न घेतला: आपण बुद्धिमान मुलांच्या अभ्यासात आहोत हे या माणसांना कोणत्या वयात कळलं? ज्यांना ते जितक्या लवकर कळलं, त्यांना मध्यम वयात ‘मी माझ्या बुद्धीला साजेसं जगलो’ असं वाटण्याची शक्यता तितकी कमी होती. आणि वयाच्या ऐंशीच्या आसपास त्यांचं मानसिक समाधानही तुलनेनं कमी होतं.

हे जरा सावकाश वाचावं. गटात सगळेच ‘बुद्धिमान’ ठरलेले. फरक आहे तो हे कळण्याच्या वयात. लहानपणी ज्यांच्या हातात ते बिरूद पडलं, ते त्याच्यापुढे स्वतःला उभं करून पाहत राहिले. नोकरी केली, संसार केला, मुलं वाढवली, आणि तरीही मनात कुठेतरी हिशेब चालू राहिला की आपल्याकडून जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. असा हिशेब लावणारे आजोबा-आजी आपल्याही ओळखीत असतात. मॅट्रिकला बोर्डात आलेले. त्यानंतरचं त्यांचं सगळं भलं आयुष्य त्यांना स्वतःला उताराचं वाटत राहतं.

४. खोडरबराचा चुरा

शिक्का मारल्यावर आत काय घडतं? इथे एक वही डोळ्यांसमोर आणा. मी शिकवायला मदत करायचे तिथल्या एका मुलाची वही अशी होती: एक खाडाखोड नाही, प्रत्येक भागाकार पहिल्या झटक्यात बरोबर. दप्तर उलटं केलं तर तळाला खोडरबराचा मूठभर चुरा आणि घड्या घातलेले कच्चे कागद. सगळी झटापट तो त्या कागदांवर करायचा, आणि वहीत फक्त उत्तर जायचं. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. हुशार मुलाच्या वहीत खाडाखोड नसते, हे त्यानं आपलं आपण ताडलं होतं.

१९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना आकृत्यांची जरा सोपी कोडी दिली. सगळ्यांना सांगितलं की छान सोडवलीस. मग काहींना एक वाक्य जास्त: “तू फार हुशार असणार.” काहींना दुसरं: “तू खूप मेहनत घेतली असणार.” नंतर मुद्दाम फार अवघड कोडी दिली, जी कुणालाच नीट सुटेनात. शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी. ‘हुशार’ म्हटलेली मुलं या शेवटच्या फेरीत सुरुवातीपेक्षा मागे गेली, ‘मेहनत’वाली पुढे गेली. आणि दुसऱ्या शाळेतल्या, कधीही न भेटणाऱ्या मुलांना आपले गुण लिहून कळवायला सांगितलं, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलांनी गुण फुगवून लिहिले.

एका वाक्यानं मुलं खोटारडी झाली, असा याचा अर्थ नाही. ‘तू हुशार आहेस’ हे ऐकायला बक्षिसासारखं वाटतं, पण मुलासाठी ते ठेव म्हणून दिलेल्या दागिन्यासारखं असतं. दागिना दिलाय म्हणजे तो हरवूही शकतो. मग मूल शिकायचं सोडून दागिना सांभाळायला लागतं. अवघड प्रश्न विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे न येणं. ज्या खेळात पहिला नंबर येणार नाही, तो ‘बोअर’ ठरवून टाकतं. खूप अभ्यास केलाय हे मित्रांपासून लपवतं, कारण हुशार माणसाला अभ्यास करावा लागत नाही अशी त्याची समजूत झालेली असते. “हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही,” असं आपण कौतुकानं म्हणतो ना, ते वाक्य त्यानं शंभरदा ऐकलेलं असतं. अभ्यास न करता नापास झालं तर हुशारी शाबूत राहते. जीव तोडून अभ्यास केला आणि तरी जमलं नाही, तर काय उरलं?

एक खबरदारी इथे घ्यायला हवी. या प्रयोगांनंतर ‘मेहनतीचं कौतुक करा’ हा जणू मंत्र झाला. तो तितका प्रभावी नाही. बुद्धी वाढवता येते ही कल्पना मुलांना थोडक्यात शिकवणारा एक मोठा प्रयोग अमेरिकेत नववीच्या बारा हजारांहून जास्त मुलांवर झाला. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. शब्द बदलले म्हणून सगळं बदलत नाही. आणि ज्याला एखादी गोष्ट सहज जमली, त्याला ‘किती कष्ट घेतलेस’ म्हणणं हे तर उघड खोटं आहे. मुलाला ते कळतं.

५. ज्यांना काहीच म्हटलं नाही, ती मुलं

घरात दोन मुलं असली की एकाला ‘हुशार’ म्हणणं हे दुसऱ्यालाही काहीतरी म्हणणं असतं. “ताई हुशार आहे, हा आपला खेळात बरा.” ‘आपला’ या एका शब्दात त्या मुलाची जागा ठरून जाते.

वर्गात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली: ही मुलं यंदा झपाट्यानं पुढे जाणार. खरं तर नावं चिठ्ठ्या टाकाव्या तशी काढली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतली ती मुलं चाचणीत खरोखरच इतरांपुढे गेलेली दिसली. वरच्या वर्गांत असं काही झालं नाही. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, परिणाम सुरुवातीला वाटला तितका मोठा नाही असंही दिसलं. तरी शिक्षकाची नजर लहान मुलापर्यंत पोचते, हे वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.

आणि ती नजर सगळ्यांवर सारखी पडत नाही. फ्लोरिडा राज्यातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात विशेष वर्गासाठी मुलं पालकांच्या आणि शिक्षकांच्या शिफारशीवर निवडली जात. २००५ मध्ये तिथे दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायचं ठरलं. पात्र मुलांत गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषक घरांतल्या मुलांची संख्या एकदम वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी हे तपासलं. ही मुलं आधीही त्याच बाकांवर बसलेली होती. त्यांचं नाव कुणी सुचवलं नव्हतं, एवढंच.

आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेकडे याच डोळ्यांनी बघावं असं मला वाटतं. पूर्वी चौथी-सातवीला असायची, पुढे ती पाचवी-आठवीला नेली. परीक्षा चांगली आहे, अनेक खेड्यांतल्या मुलांना तिनं पहिल्यांदा ‘आपल्यालाही जमतं’ हे दाखवलं. पण निकालानंतर क्लासबाहेर लागणाऱ्या फ्लेक्सवर पासपोर्ट फोटोंच्या रांगा बघताना मनात येतं, की ज्या वाडीत शिष्यवृत्तीचा तास घेणारे गुरुजीच नाहीत, तिथल्या पोरीचे पाय कुणी कुठल्या पाळण्यात बघितले?

६. मग झरझर शिकणाऱ्या मुलाचं काय करायचं?

काही मुलं खरंच फार वेगानं शिकतात. ते नाकारून त्यांना वर्षभर तेच पाढे घोकायला बसवणं हाही अन्यायच आहे. कंटाळलेलं मूल खोड्या करतं, नाहीतर निमूट विझतं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला निघाली, तीही बुद्धिमान मुलांच्या अशा गरजेपोटी. बुद्धी ही समाजाच्या कामी लावायची गोष्ट आहे, हा विचार त्यामागे होता. त्या विचारात मला शिक्क्यावरचा एक उतारा दिसतो: लक्ष मुलाच्या मोठेपणावरून कामाकडे वळतं.

शाळेत मुलाला चष्मा लागतो तेव्हा आपण त्याला चष्मा देतो. त्याच्यासाठी नवी जात काढत नाही. वेगानं शिकण्याचंही तसंच करता येतं. गणितात दोन वर्षं पुढे असेल तर त्या तासाला वरच्या वर्गात बसू द्यावं. वाचनाची भूक असेल तर ग्रंथालयाचं मोठ्यांचं कार्ड द्यावं. पक्ष्यांचं वेड असेल तर पक्षी ओळखणाऱ्या माणसाशी गाठ घालून द्यावी. यातल्या कशासाठीही त्याला ‘तू कोण आहेस’ हे सांगावं लागत नाही. ‘तुला हे पुढचं हवंय ना, मग घे’ एवढं पुरतं. आणि आठवड्यातून एखादी तरी गोष्ट अशी हवी की जिच्यात ते मूल कच्चं आहे: पोहणं, पेटी, पोळ्या लाटणं, काहीही. पहिली पोळी नकाशासारखी होते, दुसरीही होते, आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही, हा अनुभव या मुलांना फार क्वचित मिळतो.

त्या चौथीतल्या मुलीकडे मी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गेले. आई स्वयंपाकघरात होती. या वेळी मी पट मागितलाच नाही. कागदावर दोन बाय दोनचा लहानसा चौकोन काढला आणि म्हटलं, “मला यात पाच दिसतात. तुला?” तिनं बोटानं मोजलं. चार लहान, एक बाहेरचा. मग मी तीन बाय तीनचा काढला. ती पोटावर पालथी झोपून मोजायला लागली. नऊ, मग दोन-दोनचे चार, मग मोठा एक. एकदा तेरा आले, एकदा पंधरा. खोडलं, पुन्हा मोजलं, चौदा. आतून आईनं विचारलं, “काय चाललंय?” तिनं उत्तर दिलं नाही. पेन्सिल माझ्या हातातून ओढून घेतली आणि चार बाय चारचा चौकोन स्वतःच काढला, रेघा वाकड्यातिकड्या.

“सोळा, मग नऊ,” ती पुटपुटली. मी काही बोलायला गेले.

“थांबा, सांगू नका.”